चौऱ्याहत्तर सामन्यांची वही

मार्चच्या शेवटी आयपीएल सुरू होते. त्याच दिवसांत रिसोड-वाशीमकडे हळद शिजून वाळत असते, तूर विकून झालेली असते आणि पीककर्ज भरायची तारीख डोक्यावर असते. आपल्या जिल्ह्यात हातात रोख रक्कम खेळण्याचे वर्षातले हे थोडेच आठवडे. नेमक्या याच आठवड्यांत पानटपरीवर आणि मोबाइलवर भाव फुटू लागतात आणि विशीतला पोरगा ठामपणे सांगतो, "मले क्रिकेट समजते."

त्याला खरेच समजत असेल. मंगरुळपीर किंवा मानोऱ्यातल्या पोरांना संघांची, खेळपट्ट्यांची, कोणता फिरकीपटू कोणत्या षटकात मार खातो याची जी माहिती असते, ती वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनाही नसते. पण सट्ट्यात प्रश्न वेगळा असतो. तुमचे समजणे भावात आधीच धरलेल्या समजण्यापेक्षा जास्त आहे का? आणि असेल तर तेवढ्यावर चार पैसे सुटतात का? हे एक रुपयाही न लावता तपासता येते. या धंद्यात जगभर जे मोजके लोक टिकले, ते ही तपासणी केल्याशिवाय पैशाला हात लावत नाहीत. तिची घरी बसून करता येणारी कृती पुढे देतो.

साहित्य फारसे लागत नाही. दोनशे पानी रेघांची वही, बॉलपेन (पेन्सिल चालणार नाही, कारण खोडता येते), एक रुपयाचे नाणे, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, आणि रोज वहीवर सही करील असे घरातले एक माणूस. बहीण, बायको, वडील, कोणीही. मित्र मात्र नको. मित्र उद्याची सही आज करून देतो.

पहिली पायरी: पैसे देणार कोण, ते आधी ठरवा

व्यावसायिक माणूस संघ पाहण्याआधी हे पाहतो की आपण जिंकलो तर पैसे कोण देईल आणि त्याने नाही दिले तर दाद कुठे मागायची. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. क्रिकेटवर पैसे लावून घेण्याची परवानगी राज्यात कोणालाही नाही. परवानगी आहे ती घोड्यांच्या शर्यतींना, मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर. ही शर्यत कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. ऑनलाइनचे दारही आता बंद आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपनीने लगोलग पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. म्हणजे त्यानंतरही जे ॲप किंवा जो 'आयडी' तुमचे पैसे घेतो, तो कायद्याच्या बाहेर उभा राहूनच घेतो.

भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार निरर्थक आहे. बुकी तुमच्यावर वसुलीचा दावा लावू शकत नाही आणि तुम्ही जिंकलेले पैसे मागायला कोर्टात जाऊ शकत नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने २०२३ मध्ये ऑनलाइन सट्ट्यात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. पोलिसांनी जुलैमध्ये गोंदियात एका घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने सापडले. पोलिसांचे म्हणणे असे की ॲपच बनावट होते आणि आकडे मागून फिरवले जात होते. अशा ठिकाणी क्रिकेट समजून काय होणार? पडद्यावरचा आकडाच समोरच्याच्या हातात असतो.

म्हणून या कृतीत वही कोरडीच राहते. एकही रुपया लावायचा नाही, 'फक्त मजा यावी म्हणून' दहा रुपयेही नाही. दहा रुपये लागले की माणूस सामना वेगळ्या नजरेने पाहतो आणि तपासणी बिघडते.

दुसरी पायरी: भावाचे टक्के करा

बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

बुकीचा भाव पैशात असतो. समजा एका संघाचा भाव ४५-४७ आहे. म्हणजे त्या संघावर रुपया लावला आणि तो जिंकला तर ४५ पैसे मिळतात, हरला तर रुपया जातो. ही झाली लगाई. उलट बाजूने खाल्ले तर ४७ पैसे जोखमीवर आणि मिळाला तर रुपया. आता टक्के काढा. १०० भागिले १.४५ म्हणजे ६९. तो संघ शंभरात ६९ वेळा जिंकत असेल तर लगाई करणाऱ्याचे ना नफा ना तोटा. ४७ भागिले १.४७ म्हणजे ३२. दोन्हींची बेरीज १०१. सामना तर एकच आहे, शक्यता शंभरच टक्के. वरचा एक टक्का बुकीचा. सामन्याच्या भावात त्याची कात्री अशी बारीक चालते.

ॲपवर दोन्ही बाजूंना १.९० असा भाव दाखवतात. १०० भागिले १.९० म्हणजे ५२.६, दोन्ही बाजू मिळून १०५ च्या वर. इथे कात्री पाचपट झाली. पण खरी कात्री सेशनमध्ये, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरच्या पैजेत आहे, आणि आपल्याकडची पोरे सामन्यापेक्षा सेशनच जास्त खेळतात. सहा षटकांचे सेशन ४८-५० असे फुटले. 'हो' म्हणणाऱ्याला ५० किंवा जास्त धावा हव्यात, 'नाही' म्हणणाऱ्याला ४८ च्या आत. आता धावा ४८ किंवा ४९ झाल्या तर? दोघेही हरले आणि दोघांचेही पैसे बुकीकडे गेले. दर सहा षटकांना ही फट उघडी असते. एका सामन्यात अशी किती सेशन निघतात ते पाहा आणि मग बुकीचा पोरगा गाडी कशातून घेतो याचा हिशोब लावा.

आपल्या कापूसपट्ट्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईचा मटका सुरुवातीला चालत होता तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात चिठ्ठ्या आणि पत्ते आले. आकडे दहा आणि एका आकड्याला रुपयाला नऊ रुपये. दहाला नऊ, म्हणजे रुपयात दहा पैसे दर वेळी चालवणाऱ्याचे. पिकवणारा कारंजा-मानोऱ्यातला, भाव न्यूयॉर्कचा आणि त्या भावावर पैसा कमावला तो मुंबईत तिसऱ्याच माणसाने.

तिसरी पायरी: रोजची ओळ

२०२२ ते २०२५ पर्यंत आयपीएलच्या दर हंगामात ७४ सामने ठेवले गेले. वहीत ७४ ओळी आखा. रकाने सात: तारीख, सामना, माझा टक्का, बाजाराचा टक्का, नाणे, निकाल, सही.

'माझा टक्का' नाणेफेकीच्या आधी लिहायचा. 'मुंबई जिंकेल' असे लिहू नका, 'मुंबई ६०' असे लिहा. शंभर आणि शून्य लिहायला बंदी. शेजारी एका ओळीत कारण: 'चेपॉकवर चेंडू वळतो, त्यांच्याकडे दोन फिरकीपटू'. कारण सुचत नसेल तर ५० लिहा. व्यावसायिक माणूस बहुतेक दिवशी ५० च लिहितो आणि घरी बसतो. त्याच्या शिस्तीचा मोठा भाग हाच.

'बाजाराचा टक्का' घ्यायला बुकीकडे जाऊ नका. क्रिकेटच्या संकेतस्थळांवर आणि टीव्हीवर जिंकण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात. सामन्याआधीचा तो आकडा लिहिला तरी या कामापुरता पुरतो. मात्र तुमचा टक्का लिहून झाल्यावरच तो पाहायचा. आधी पाहिला की तुमचा आकडा त्याच्याकडे झुकतो.

मग नाणे उडवा. छापा आला तर पहिला संघ, काटा आला तर दुसरा. नाण्याचा कौल त्याच्या रकान्यात लिहा. हा रकाना पोरखेळ वाटेल, पण शेवटी सगळ्यात जास्त तोच शिकवतो. त्यानंतर सही घ्या. सामना संपल्यावर निकाल. पावसाने वाहून गेला तर 'निकाल नाही', ओळ तशीच राखायची. एखादा दिवस चुकला तर मागून भरायचा नाही, रिकामा सोडायचा.

पंधराएक सामने झाले की मोह होतो. सलग चार बरोबर आले की वाटते, आज लावायला हवे होते. सलग चार चुकले की वाटते, आता पाचवा येणारच. दोन्ही वेळा पानाच्या कडेला ती भावना वेळेसकट लिहून ठेवा. पैसे लागलेले असते तर याच क्षणी रक्कम दुप्पट झाली असती. गेलेले भरून काढायला लावलेला पैसा माणसाला बुडवतो, आणि कोरड्या वहीतही तो ओढा किती जोराचा असतो हे तुम्हाला तुमच्याच अक्षरात दिसेल.

चौथी पायरी: अंतिम सामन्यानंतरचा हिशोब

प्रत्येक ओळीला गुण द्या. तुम्ही ज्या संघाला ६० दिले तो जिंकला तर चूक ०.४०, वर्ग ०.१६. हरला तर चूक ०.६०, वर्ग ०.३६. सगळ्या वर्गांची सरासरी काढा. नेहमी ५० लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त आली तर तुमचे समजणे नुसते ५० लिहिण्याइतकेही कामाचे नाही. ०.२५ पेक्षा कमी आली तर चांगले, पण तेवढ्याने काम होत नाही. आता बाजाराच्या रकान्याची सरासरी तशीच काढा. तुमचा आकडा बाजारापेक्षा कमी हवा. बहुतेक वह्या इथेच थांबतील, कारण लाखो लोकांची माहिती ज्यात मिसळली आहे त्या आकड्याला एकट्याने हरवणे फार अवघड आहे.

आता नाण्याकडे या. १.९० च्या भावाने प्रत्येक सामन्यावर शंभर रुपये लावले असे धरा. ७४ पैकी ३९ बरोबर आले तर दहा रुपये नफा, ३८ आले तर १८० रुपये तोटा. नुसते नाणे उडवणाऱ्याला ३९ किंवा जास्त यायची शक्यता ३६ टक्के आहे. गावात शंभर पोरांनी डोळे मिटून खेळले तरी हंगामाअखेर छत्तीसेक जण नफ्यात असतील, आणि चौकात बोलताना ऐकू येतील तेही तेच. बाकीचे चौसष्ट गप्प बसतील. तुमचे नाणे तुमच्या पुढे गेले असेल तर ते घरच्यांना दाखवा. पुढे नसेल तरी थांबा. शंभरात ५५ बरोबर आणणारा माणूस खरा कुशल की नशीबवान, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला सतराशेच्या आसपास सामने लागतात. वर्षाला ७४ धरले तर तेवीस वर्षे.

पाचवी पायरी: कौशल्य आहे असे धरून पैशाचा हिशोब

समजा, तुम्ही खरोखर ५५ टक्केवाले आहात. रक्कम किती लावायची याचे गणित जॉन केली नावाच्या बेल लॅब्जमधल्या संशोधकाने १९५६ मध्ये मांडले. ५५ टक्के खात्री आणि १.९० चा भाव असेल तर ते गणित जवळच्या एकूण पैशाच्या पाच टक्के सांगते. अनुभवी लोक त्याच्या निम्मे लावतात. खात्री ५० टक्के असेल तर उत्तर उणे येते, म्हणजे काहीच लावायचे नाही. शेत, दागिना, पेरणीचा पैसा या 'जवळच्या पैशात' धरायचाच नाही. त्यात फक्त ती रक्कम येते जी उद्या गेली तरी घरातल्या एकाही कामाची तारीख हलत नाही. आपल्या जिल्ह्यात किती घरांत अशी रक्कम असते?

आणि कर. रेसकोर्सवर कायदेशीर खेळलात तरी जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. हजार-हजारच्या शंभर पैजा, १.९० चा भाव, ५५ जिंकल्या. जिंकले ४९,५०० रुपये, हरले ४५,०००. हातात उरले ४,५००. कर ४९,५०० वर, म्हणजे १४,८५०. शंभरात ५५ वेळा बरोबर असलेला माणूस वर्षाअखेर १०,३५० रुपयांनी खाली. उपकर वेगळा. त्यावर जीएसटी: ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.

अमेरिकेच्या बिल बेंटरचे नाव या चर्चेत हमखास निघते. ऐंशीच्या दशकात तो हाँगकाँगला गेला, घोड्यांच्या शर्यतींसाठी संगणकावर गणित बांधले आणि प्रचंड पैसा कमावला. पण १९९४ मध्ये त्याने छापलेला निबंध वाचला की दोन गोष्टी दिसतात. त्याचे गणित एकटे पुरत नव्हते, लोकांनी लावलेल्या पैशातून तयार झालेला भाव त्यात मिसळावा लागला. आणि जिंकल्यावर पैसे चुकते करणारा कायदेशीर क्लब समोर होता. बेंटरला वाशीमच्या पानटपरीवर बसवले तर तोही लावणार नाही.

म्हणून माझा निकाल स्पष्ट आहे. व्यावसायिक शिस्तीने पाहिले तर इथे मिळणाऱ्या अटींवर पैज न लावणे हेच तिचे उत्तर येते.

सहावी पायरी: वहीची उरलेली पाने

ही शिस्त मात्र वाया घालवू नका. तुमचा एक सौदा शेतात आधीच लागलेला आहे, आणि त्यात तुमची माहिती खरोखर इतरांपेक्षा जास्त आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ होता, २०२५-२६ ला ५,३२८. ऑगस्ट २०२१ मध्ये विदर्भात भाव दहा हजारांच्या आसपास गेला आणि नवा माल बाजारात येईपर्यंत निम्म्यावर आला. डिसेंबर २०२१ पासून सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, त्यामुळे पुढच्या भावाची जोखीम कागदावर कोणाला देता येत नाही. ती कोठ्यातच सांभाळावी लागते.

सप्टेंबरमध्ये, काढणीच्या आधी लिहा: खर्च क्विंटलमागे किती पडला, घरात कोणत्या तारखेला किती पैसे लागणार, कोणत्या भावाला किती पोती काढणार. सगळा माल एका दिवशी विकायचा नाही, सगळा राखूनही ठेवायचा नाही. तीन-चार हिस्से करा आणि प्रत्येकापुढे भाव आणि शेवटची तारीख दोन्ही लिहा, म्हणजे भाव आला नाही तरी तारीख निर्णय घेईल. हमीभाव केंद्रावर ओलावा मोजतात. १२ टक्क्यांची अट घरीच पाहून घ्या. माल ठेवायचा आणि पैसाही हवा असेल तर तुमची बाजार समिती शेतमाल तारण योजना राबवते का ते विचारा. तिच्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी मिळते. कारंजा, वाशीम, रिसोड तिन्हीकडचा भाव त्याच दिवशी लिहा आणि गाडीभाडे वजा करून तुलना करा. इथेही कारणाची ओळ आणि सही तशीच ठेवा. दोन हंगामांनी तुमचे कोणते अंदाज बरोबर येतात ते कळेल, आणि त्यावर कोणी ३० टक्के कापून घेणार नाही.

आधीच अडकलेल्यांसाठी

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांच्यासाठी क्रम वेगळा आहे आणि तो आजच सुरू करायचा. बँकेचे आणि यूपीआयचे गेल्या वर्षाचे विवरण काढा. सट्ट्यासाठी गेलेली प्रत्येक रक्कम आणि आलेली प्रत्येक रक्कम दोन रकान्यांत लिहून बेरीज करा. तो आकडा घरातल्या एका माणसाला सांगा. सांगितल्याशिवाय पुढची कोणतीही पायरी टिकत नाही. आयडी, ग्रुप, दलालाचा नंबर काढून टाका आणि खात्याची व्यवहारमर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्या. स्वतःचे बँक खाते किंवा सिम कोणाला 'वापरायला' दिले असेल तर आधी ते बंद करा, कारण त्यावरून फिरलेल्या पैशाचा जाब पोलीस तुम्हालाच विचारतील. ॲपने फसवले असेल तर १९३० वर लगेच फोन करा.

बुकीच्या उधारीसाठी सावकाराकडे जाऊ नका. ती उधारी कायद्याने वसूल होत नाही. धमकी आली तर ठाण्यात लेखी तक्रार द्या. सावकाराकडे गेलाच असाल तर २०१४ च्या सावकारी कायद्याने शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण कर्जावर १२ टक्के इतकीच व्याजाची मर्यादा घातली आहे. महिन्याला पाच-दहा टक्के घेणाऱ्याविरुद्ध आणि बेकायदा सावकारीत जमीन लिहून घेणाऱ्याविरुद्ध सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल तर पैशाचा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.